मेंढा की काठी

"हे मेंढ्याचं मुंडकं घरात कशाला आणलंस?"

मामांचं हे अकरा दिवसांतलं पहिलं वाक्य. मी इतका दचकलो, की हातातलं हँडल त्यांच्या पायावर पडता पडता राहिलं. पडलं असतं तरी उजव्या पायावर पडलं असतं, आणि त्या पायाला तेव्हा बातम्या उशिरा पोचत होत्या.

मी म्हटलं, मुंडकं नाही, सायकलचं हँडल आहे. ड्रॉप म्हणतात याला. मामांनी मान पुन्हा भिंतीकडे वळवली. संवाद संपला.

मी स्वयंपाकघरात जाऊन इंदूमामींना सांगितलं, की मामा बोलले. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि काय बोलले ते विचारलं. मी सांगितलं, मेंढा. त्यांनी लाटणं परत उचललं. पण आमच्या घरात चाळीस वर्षं गोल येणारी पोळी त्या दिवशी श्रीलंकेच्या आकाराची आली.

ही आठ वर्षांपूर्वीची, फलटणची गोष्ट. माझे मामा सर्जेराव कालव्याच्या पुलाजवळ सायकलचं दुकान चालवायचे. घर दुकानाच्या मागेच, साठ पावलांवर. चैत्रात एका सकाळी रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत असताना त्यांच्या हातातून पाना पडला. तो उचलायला हात पुढे केला तर हात गेलाच नाही. अर्धांगवायू. दवाखान्यातून आले तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालत होता, जीभ थोडी जड झाली होती, पण उजवा हात कोपरात वाकून छातीशी आला होता आणि मूठ घट्ट मिटलेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कसलीतरी शपथ घेतोय आणि ती संपतच नाहीये.

फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, की पहिले तीन महिने महत्त्वाचे. त्यात हात जेवढा वापराल तेवढा परत येईल. नंतर जे राहील ते राहील. त्यांनी दाबायला एक पिवळा चेंडू दिला होता, त्यावर हसरं तोंड होतं. मामांनी त्या चेंडूकडे एकदाच बघितलं आणि तो खाटेखाली घरंगळू दिला. मग म्हणाले, "हा हात माझा नाय. कुणीतरी ठिवून गेलंय." त्यानंतर अकरा दिवस गप्प. अर्धी भाकरी, भिंत, आणि परत भिंत. दुकानाचं शटर खाली. मी खाटेखाली वाकून बघितलं की तो चेंडू माझ्याकडे बघून हसायचा.

आता माझ्याबद्दल. मी चोवीस वर्षांचा होतो. आई गेल्यावर पाचवीपासून मामांकडेच वाढलो. पुण्यात नोकरीला होतो. एका दुपारी कंपनीने चाळीस जणांना एका व्हिडिओ कॉलवर घेऊन सांगितलं, की आता तुमची गरज नाही. मी खाली हाफ चड्डीवर असल्यामुळे उठून निषेध करता आला नाही. त्यानंतर दोन दिवसांसाठी फलटणला आलो त्याला चार महिने झाले होते. दुपारपर्यंत झोपायचं, मग पंख्याकडे बघायचं. संध्याकाळी कालव्यावर एक चक्कर. सायकलची ट्रायल घ्यायला जातो, असं मामींना सांगायचो. गमत्या मुलगा म्हणून गावात माझं नाव होतं, त्यामुळे माझं कोणी फारसं मनावर घेत नसे. असं मला वाटायचं. मामी मात्र एकदा म्हणाल्या होत्या, की तुम्ही दोघं मामाभाचे एकाच घरात दोन भिंती अडवून बसलाय, निदान एकीकडेच बघा म्हणजे मला दुसरी सारवता येईल.

सायकल होती ती पुण्यातल्या एका मित्राची. मुरमाच्या रस्त्यांवर चालवायची, जाड टायरची, ग्रॅव्हल बाईक म्हणतात ती. तो जर्मनीला निघाला तेव्हा त्याने ती सुटी करून खोक्यात भरून मला दिली. खोक्यात दोन हँडलं होती. एक ड्रॉप, म्हणजे टोकं खाली वळलेलं, शर्यतीच्या सायकलला असतं तसं. दुसरं फ्लॅट, सरळ आडवा दांडा. तीन वर्षांत त्याचं कोणतं बसवायचं ते ठरलं नव्हतं, आणि जर्मनीत तरी ठरेल असं त्याला वाटत नव्हतं. ते खोकं मी फलटणला आणून दुकानात ठेवलं होतं, तसंच.

मामा बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हँडलं घेऊन खाटेसमोर उभा राहिलो आणि विचारलं, की मुरमाला यातलं कुठलं चांगलं. मामा भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, मला वाटतं दोन्ही बसवावीत, एक पुढे, एक मागे.

मामांनी डोळे मिटले. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केलेल्या माणसाला असं काही ऐकवणं म्हणजे खरंतर छळ आहे. पण अकरा दिवसांत मी सगळे प्रामाणिक उपाय करून बघितले होते. शेवटी ते बोलले, जड जिभेने, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे. मुरमाला काठी, म्हणजे सरळ दांडा, बरी. मेंढा डांबरासाठी.

त्यावर मी म्हटलं, मग मेंढाच बसवतो.

तीन दिवसांनी मामा चालायची काठी टेकत साठ पावलं चालत दुकानात आले. मी ड्रॉप हँडल उलटं बसवलंय असं मामींनी त्यांना सांगितलं होतं. ते खरं होतं. मी मुद्दाम उलटं बसवलं होतं. म्हणजे, पहिल्यांदा चुकून, आणि कळल्यावर मुद्दाम तसंच ठेवलं.

आता यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढे तीच महत्त्वाची आहे. हँडल बदलायचं तर मामा नेहमी सायकलच्या तोंडाकडे तोंड करून उभे राहायचे, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून. आपल्याकडे पुढचा ब्रेक चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. समोरून काम करणाऱ्या मामांच्या तो डाव्या हाताला यायचा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातालाच ते पाठ झालं होतं: आपल्या डावीकडे पुढचा ब्रेक. आता उजव्या गुडघ्यात जोर नव्हता, म्हणून मी पुढचं चाक दोन विटांमध्ये अडकवलं आणि त्यासमोर स्टूल ठेवलं. मामा त्यावर बसले, तोंड सायकलकडे. डाव्या हाताने तारा ओवल्या, मी नट आवळले.

फ्लॅट हँडल असेल तर काम इथेच संपतं. रबराच्या मुठी साबणाच्या पाण्यात बुडवून ढकलल्या की झालं, एका हाताचं काम. पण ड्रॉपला टेप गुंडाळावी लागते. खालच्या टोकापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्या वेढ्यावर, आणि ओढ सगळीकडे सारखी. त्याला दोन हात लागतात. एकाने धरायचं, दुसऱ्याने ताणायचं. म्हणून मला ड्रॉप हवं होतं. आणि एकदा ड्रॉप झालं की परत ड्रॉप करण्यासाठी मध्ये एकदा फ्लॅट करणं भाग होतं.

माझ्याकडे एवढीच योजना होती. कॅलेंडरवर तीन महिन्यांतले सात आठवडे उरले होते.

पहिल्या वेळी मामांनी टेपचं टोक मिटलेल्या मुठीखाली मांडीवर दाबून धरलं आणि डाव्या हाताने कशीबशी गुंडाळली. ती लिंपणासारखी दिसत होती. मी कालव्यावर जाऊन आलो आणि सांगितलं, की पाठ दुखते, काठीच बरी. काठी बसवली. दोन दिवसांनी सांगितलं, की मनगटं बधिर होतात, मेंढा बरा. मेंढा बसवला. मग सांगितलं की मेंढ्यामुळे रस्त्यावरच्या कोंबड्या घाबरतात. मामा म्हणाले, कोंबड्या तुझ्या तोंडाला घाबरत असतील, दाढी कर. मेंढा तसाच राहिला.

चौथ्या वेळी मला कारणच सुचेना. मी म्हटलं, ड्रॉपवर वाकलं की नुसतं पुढचं चाक दिसतं, आणि ते सारखं फिरताना बघून मला उदास वाटतं.

मामांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हँडल सोडवायची सहा नंबरची ॲलन की उचलली. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी दुकानात होते, सात वाजता.

हे ऐकून असं वाटेल, की सगळं छान चाललं होतं. तसं नव्हतं. मूठ उघडत नव्हती. झटक्यानंतरच्या नवव्या आठवड्यात एका दुपारी टेप तिसऱ्यांदा सुटली. मामांनी ती खाली टाकली, डाव्या हाताने पंधराचा पाना घेतला आणि उजव्या हाताच्या बोटांवर मारला. एकदा. दुसऱ्यांदा. ओरडले नाहीत, तोंडावरची रेषही हलली नाही. पाट्यावर आलं ठेचावं तसं. मी डावा हात पकडला तोवर तिसरा घाव बसला होता.

"लागत पण नाय रं," मामा म्हणाले.

मी पाना काढून घेतला. बोटं सुजायला लागली होती. मला काहीतरी विनोदी बोलायला हवं होतं, तेच माझं काम होतं, पण मी नुसता पाना पुसत राहिलो. दुकानाबाहेर माणसं जात होती. कोणीतरी विचारलं, की सर्जेराव, हवा मारून मिळंल का.  मी पंप बाहेर नेऊन ठेवला आणि तुमची तुम्ही मारा म्हणालो. मग दुकानाच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथून कालवा दिसतो. मी तो बघत उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. परत वळलो तेव्हा मामा काठी टेकत मागच्या दाराशी येऊन उभे होते, माझ्याकडेच बघत.

मी म्हटलं, "मामा, उद्या परत ड्रॉप लावू."

ते म्हणाले, "आठला ये."

दहाव्या आठवड्यात अंगठा हलला. पहिलं बोटही. मूठ मिटलेलीच, पण अंगठा आणि बोट यांच्यात टेपचं टोक तीन वेढ्यांपुरतं धरून ठेवता यायला लागलं. मामींनी ते बघितलं आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी शिरा होता. निमित्त काय, ते कोणी विचारलं नाही.

अकराव्या आठवड्यात, सातव्या बदलाच्या वेळी, मी दुकानात पोचलो तर मामा सायकलवर बसले होते. खरोखर सीटवर. एका पायाखाली पायरी, दुसऱ्याखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक विटांमध्ये. वर कसे चढले ते सांगायला तयार नव्हते. गुडघ्यांत आता जीव आलाय एवढंच म्हणाले. तिथे बसूनच त्यांनी तारा ओढल्या आणि टेप गुंडाळली. दोन्ही बाजूंची, अडीच तास लावून. एकही वेढा वाकडा नव्हता. दोन्ही ब्रेक दाबून बघितले. लागत होते. मला वाटलं, जमतंय. अजून एक आठवडा हातात आहे, आणि जमतंय.

निघताना त्यांनी नेहमीचं बजावलं. मुरमावर एकटा मागचा ब्रेक दाबायचा. मुरमावर पुढचा ब्रेक म्हणजे दातांच्या डॉक्टरचं भलं.

चार वाजले होते. पाण्याची पाळी सुरू असल्याने कालवा काठोकाठ होता. त्याला दोन्ही बाजूंनी उतरतं काँक्रीट आहे आणि त्यावर शेवाळ. पडलेलं कुत्रंसुद्धा वर येऊ शकत नाही, हे तिथल्या प्रत्येक पोराला पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं असतं. काठाचा रस्ता मुरमाचा. मी पहिल्या पाटापर्यंत गेलो आणि परत फिरलो. सायकल सुरेख चालली होती. खोटं कारण शोधायचं म्हणून मी स्वतःची पाठ चाचपत होतो, कुठे दुखतंय का म्हणून.

तेवढ्यात उसातून मुंगूस निघालं आणि रस्त्याच्या मध्ये येऊन थांबलं. मुंगूस दिसणं शुभ असतं. मी मामांचं ऐकून एकट्या डाव्या हाताने, म्हणजे मागचा, ब्रेक करकचून दाबला.

पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबलो नाही.

काँक्रीटवर छाती आपटली, मग घसरलो, मग पाणी. मला पोहता येतं, पण त्याचा तिथे काही उपयोग नसतो. पाणी ओढत नेतं आणि कडेला हात लावावा तर कड साबणासारखी. नखं गेली. चार हातांवर काँक्रीटच्या भेगेत पिंपळाचं वीतभर रोप होतं, ते हातात आलं. मी त्याला धरून राहिलो. मनात विचार आला, की पिंपळ उपटल्याचं पाप लागतं. लगेच दुसरा विचार आला, की ते फार वेळ लागणार नाही.

वर कोणीतरी पळत येत होतं. म्हणजे एक पाऊल पळत होतं आणि दुसरं ओढलं जात होतं. मामा. ते तिथे कसे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

सायकल काठावरच पडली होती. मामांनी काठी फेकून दिली. काठावर अंतराचा दगड असतो, त्याला डाव्या हाताने विळखा घातला आणि खाली बसले. म्हणजे मोकळा राहिला तो उजवाच. त्यांनी तो वाकलेला हात ड्रॉप हँडलच्या आकड्यात घुसवला, मिटलेली मूठ पलीकडे काढली आणि पायाने सायकल खाली ढकलली, मागचं चाक माझ्याकडे करून. सायकल सरकत आली आणि त्या हाताला लटकली. खुंटीला पिशवी लटकते तशी. आकडा मनगटावर, आणि पुढे ती मूठ, जी काही केल्या उघडत नव्हती.

"चाक धर," मामा म्हणाले.

मी चाक धरलं. मग साखळीकडची कांडी, मग पायडल, मग सीट. माझं सगळं ओलं वजन त्या हातावर होतं. माझं तोंड हँडलजवळ पोचलं तेव्हा मला मामांचा हात अगदी जवळून दिसला. टेपवर घासून सालटं निघालेलं, नखं निळी, आणि मूठ मिटलेली. सहा आठवडे ती मूठ उघडावी म्हणून मी जगात शक्य तेवढं खोटं बोललो होतो. उघडली असती तर मी गेलो असतो.

वर आलो आणि दोघं पालथे पडून राहिलो. मामांची छाती भात्यासारखी चालली होती. मला वाटलं, आता यांना दुसरा झटका येणार. तो आला नाही. त्याऐवजी त्यांनी डाव्या हाताने माझ्या कानाखाली मारली. डावा हात मुळातच चांगला होता.

"उडी का मारलीस?"

मी म्हटलं, "उडी नाही मारली. मुंगूस आडवं आलं."

"मुंगूस बघून कालव्यात उड्या मारत्यात?"

"ब्रेक दाबला, मामा. मागचा. तुम्हीच सांगितला होता."

मामा उठून बसले. सायकल ओढून जवळ घेतली, पुढचं चाक फिरवलं आणि डावा ब्रेक दाबला. चाक थांबलं. सोडला, परत फिरवलं, परत दाबला. मग तारेवरून बोट फिरवत हँडलपर्यंत आले.

"आज मी सीटवर बसून तारा ओढल्या," ते म्हणाले. "हाताला वाटलं, समोरच बसलोय."

"हो."

"चाळीस वर्षांत कुणाचा ब्रेक उलटा लावला नाय."

मी म्हटलं, सुलटं बसलात म्हणून उलटा लागला. हे त्यांना आवडलं नाही. पण तोंडाची डावी बाजू किंचित हलली. उजवी तेव्हा हलत नव्हती, त्यामुळे मामांचं हसू मोजताना नेहमी दुप्पट धरावं लागायचं.

मग मला तो प्रश्न पडला. मी विचारलं, तुम्ही इथे कसे?

मामा म्हणाले, "रोजच येतो की. तू गेलास की पुलापत्तूर येतो. आज पाय बरा व्हता, पुढं आलो."

"कशाला?"

त्यांनी टेपचं सुटू बघणारं टोक अंगठा आणि बोटात धरून दाबलं. तिकडेच बघत बोलले.

"तुझी मामी म्हणली, पोरगं हातातनं चाललंय, बघा कायतरी. मी म्हणलं, मी काय बघणार, मला माझंच बघवत नाय. तेवढ्यात तू ते मेंढ्याचं मुंडकं घिऊन आलास. दोन्ही हँडलं बसवतो म्हणलास, एक म्होरं, एक मागं. मला वाटलं, संपलं, ह्याचं डोकं गेलं. म्हणून उठलो."

मी शर्टाची बाही पिळली.

"सात वेळा हँडल बदललं, लेका. शहाणा माणूस बदलतो व्हय? चाक फिरताना बघून रडू येतं म्हणलास. पण रोज जाताना म्हणायचास, उद्या दुसरं लावू. मी म्हणायचो, चला, उद्याची सोय झाली."

"मामा, मी ते तुमच्या हातासाठी करत होतो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग हाताकडे.

"ह्याच्यासाठी? हा तर गेला असंच मी पयल्या दिवशी धरून चाललो व्हतो."

आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. कपड्यांतून पाणी गळत होतं. कालव्याच्या पलीकडून एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली आणि तिने ओरडून विचारलं, की काय झालं सर्जाभाऊ. मामा ओरडले, की काय नाय, ट्रायल चाललीय.

ती गेल्यावर ते म्हणाले, "एक सांग. पयले चार महिने तू रोज हितं ट्रायलला यायचास."

"हो."

"सायकल तर खोक्यात व्हती."

मला पुष्कळ उत्तरं सुचली. एकेकाळी मी त्यातलं एखादं दिलंही असतं, आणि दोघं हसलो असतो. पाण्याचा आवाज मोठा होता. पिंपळाचं रोप तिथून दिसत होतं, अर्धं उपटलेलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

मामांनी परत विचारलं नाही. त्यांनी उजवा हात उचलला, म्हणजे डाव्या हाताने उचलून, माझ्या मांडीवर ठेवला. जड होता. कुणीतरी ठेवून गेल्यासारखा. मग ती मूठ तिथेच राहिली.

उन्हं उतरली तसे आम्ही उठलो. काठी वाहून गेली होती, म्हणून मामांनी सायकलवर भार टाकला आणि मी दुसऱ्या बाजूने ती धरली. पुढचं चाक थोडं वाकलं होतं, दर फेरीला फोर्कला घासायचं. पुलापाशी मामी पदर कमरेला खोचून उभ्या होत्या. त्यांनी ओल्या मला बघितलं, मामांचं सालटलेलं मनगट बघितलं, आणि पुढे होऊन सायकल माझ्या हातातून काढून घेतली. मुंगूस खरंच होतं, हे मी त्यांना त्या संध्याकाळी तीनदा सांगितलं.

दुकानापाशी मामा थांबले.

"मग काय ठेवायचं?" त्यांनी विचारलं. "मेंढा का काठी?"

मी हँडलकडे बघितलं. चिखल लागला होता, पण टेपचा एकही वेढा सुटला नव्हता.

"उद्या ठरवू," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली आणि अंगठ्याने शटरची कडी चाचपली.

"आठला ये," ते म्हणाले. "ब्रेक पण बदलायचेत."